मानाचं चाक

"सोडू नका," मी म्हणाले आणि नवऱ्याच्या हातांशेजारी माझे दोन्ही हात घालून स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागले. ट्रक उजवीकडे चालला होता. समोरून लाल एसटी घाट चढत होती. तिच्या ड्रायव्हरनं सकाळी दाढी केलेली नाही हेसुद्धा मला दिसलं, इतकी ती जवळ आली होती.

फर्दापूरचा घाट. गाडीत मिठाची पोती, तेलाचे डबे, वर ताडपत्री. ब्रेक दाबला की गाडी आणखी उजवीकडे जायची आणि ब्रेक सोडला की खाली पळायची. म्हणजे मरायचं कसं एवढंच ठरवायचं बाकी होतं. क्लीनर डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर निघून एसटीला हातानं थांब थांब म्हणत होता, जसं काही एसटीलाच आमच्या अंगावर यायची हौस होती.

"हात काढ," नवरा म्हणाला.

"तुम्ही ओढा. मीही ओढते."

"तुला गाडीतलं कळत नाय."

"डावं कुठं ते कळतं."

त्या जागी मी काय करत होते ते सांगते. बायकांना ट्रकच्या केबिनमध्ये बसवायची आमच्या घरात रीत नव्हती. मला पहाऱ्याला बसवलं होतं. नवरा पिऊन गाडी चालवतो की नाही, हे बघून घरी येऊन सांगायचं, एवढं माझं काम.

आमची चिकलठाण्याला शेती होती. निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी परकर नेसणारी पोर होते. पुढं लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा दावणीला बैल होते. मग कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, आमचीही गेली, आणि आलेल्या पैशातून थोरल्या दिरांनी ट्रक घेतला. दावणीच्या जागी ट्रक उभा राहिला. घरातल्यांच्या डोक्यात मात्र बैलच उभे होते.

आमच्या घरात जोडीतला उजव्या अंगाचा बैल मानाचा. पोळ्याला पहिलं कुंकू त्याला, पहिला घास त्याला. त्याला कधी डाव्या अंगाला जुंपत नसत. बैलाच्या बाबतीत हे ठीकच होतं, कारण उजव्या अंगाला शिकलेला बैल डावीकडे जुंपला की बावरतो. पण ट्रक दारात आला त्या दिवशी सासूनं तांब्याभर पाणी घेतलं आणि पुढच्या उजव्या चाकाचे पाय धुतले. चाकाला पाय नसतात, तरी तिनं धुतले. त्या दिवसापासून ते मानाचं चाक झालं. दसऱ्याला त्याला हार, पोळ्याला त्याला पुरणपोळी. चाकानं पुरणपोळी कधी खाल्ली नाही. ती थोरले दीर खायचे.

गाडी चालवायची माझ्या नवऱ्यानं, आणि ती कशी चालवावी हे सांगायचं थोरल्या दिरांनी. असं बरेच दिवस नीट चाललं. दिरांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांना सांगायला काही अडत नव्हतं.

मग टायर फिरवायची वेळ आली. पुढचे दोन्ही टायर झिजून थोरल्या दिरांच्या डोक्यासारखे गुळगुळीत झाले होते. दोन्ही सारखेच झिजले होते म्हणून गाडी सरळ चालायची, पण घाटात असे टायर पुढं ठेवत नाहीत. मागं दोन टायर चांगले होते, एकाच वेळी घेतलेले, जाड नक्षीचे. ते पुढं आणायचे आणि पुढचे मागं टाकायचे, असं नवऱ्यानं ठरवलं. गाडी शहरात, शहागंजातल्या टायरवाल्याकडे लावली. थोरले दीर बरोबर गेले. ते गेले नसते तर ही हकिकत लिहायची मला गरज पडली नसती.

तिथं काय झालं ते मला क्लीनरनं सांगितलं. हा क्लीनर माझ्या नवऱ्यापेक्षा वयानं मोठा होता. शहागंजाच्या मागच्या गल्लीत राहायचा आणि दिरांची नक्कल फार छान करायचा.

टायरवाल्यानं डावं चाक काढलं, चांगला टायर घातलेलं चाक तिथं बसवलं, आणि उजव्या चाकाला पाना लावला. दीर म्हणाले, "त्याला हात लावायचा नाय."

"दादा, टायर फिरवायलाच आलोत ना आपण," माझा नवरा म्हणाला.

"मानाचं हाय ते. मागं टाकतो का त्याला? सगळ्या रस्त्याची घाण खायला?"

टायरवाला म्हणाला, "जोडी एक ठेवा. एक जाड, एक झिजलेला, गाडी ओढील."

"तू हवा भर," दीर म्हणाले.

त्यानं हवा भरली. गिऱ्हाईक देवाचं नाव काढतं तेव्हा दुकानदारानं वाद घालायचा नसतो, एवढं त्याला कळत होतं. मग असं झालं की चांगल्या जोडीतला एक टायर पुढं डावीकडे लागला आणि त्याचा जोडीदार स्टेपनी म्हणून, म्हणजे जादा चाक म्हणून, गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगला. मागच्या दोन जागी काढलेलं डावं चाक आणि जुनी स्टेपनी गेली. मानाचं गुळगुळीत चाक आपल्या गादीवर राहिलं.

ह्याच माणसांनी उभ्या आयुष्यात कधी उंच खोंडाशेजारी म्हातारा बुटका बैल जुंपला नसता. जू वाकडं होईल, नांगर एका अंगाला जाईल, हे त्यांना झोपेत कळत होतं. पण बैलांकडून त्यांनी मान तेवढा आणला. उंची तिथंच दावणीला ठेवली.

दुसऱ्याच खेपेला नवरा म्हणाला, गाडी उजवीकडे ओढते.

थोरल्या दिरांनी ऐकून घेतलं आणि निदान सुरू केलं. पहिलं निदान नजर. लिंबू-मिरची जुनी झाली म्हणून नवी बांधली. गाडी ओढतच राहिली. मग नारळ उतरवून फोडला. खोबरं वाटलं, गाडी ओढतच राहिली. मग नवरा स्वतःहून जालना रोडवरच्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं हवा मापली, दोन्हीकडं सारखी. गाडी फिरवून आणून ब्रेकच्या ड्रमला हात लावून बघितला. उजवा जास्त तापला असता तर ब्रेक धरून ठेवतोय असं कळलं असतं. दोन्ही सारखेच कोमट. चाक हलवून बेअरिंग बघितलं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून पुढची चाकं वाकडी बसलीत का ते बघितलं. वाकडी नव्हती.

"आता एकच राहिलं," मिस्त्री म्हणाला. "पुढची दोन चाकं अदलाबदल करा. उजवं डावीकडं, डावं उजवीकडं. मग गाडी डावीकडं ओढायला लागली तर दोष टायरात. तरीबी उजवीकडंच ओढली तर मी खालून सगळं उघडतो."

इतकी साधी गोष्ट. जॅक लावायचा, दोन चाकं बदलायची, चिकलठाण्यापर्यंत एक चक्कर मारायची. नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं.

दीर म्हणाले, "मानाचं चाक डाव्या अंगाला?"

सासूनं कानावर हात ठेवले.

"आत्याबाई, एका चकरेपुरतं," मी आतून म्हणाले.

"तुझ्या माहेरी लावा डाव्या अंगाला," सासू म्हणाली. माझ्या माहेरी सायकलसुद्धा नव्हती.

नजर नाही, ब्रेक नाही, हवा नाही, आणि टायर तर असूच शकत नाही. मग राहिलं कोण? माणूस. दिरांनी सगळ्यांसमोर अंगणात सांगून टाकलं, "गाडी ओढत नाय. तुझा हात ओढतो. पितोस तू."

नवरा पीत होता. खोटं कशाला लिहू. गाडी उभी असली की शेजारच्या वस्तीत जाऊन बसायचा आणि वास घालवायला बडीशेप खात यायचा, म्हणजे दारूचा आणि बडीशेपचा असे दोन्ही वास यायचे. पण गाडीवर असताना कधी घेतली नाही, असं तो म्हणायचा. घेतली नसेलच असं मीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. मी काय केबिनमध्ये होते?

आणि दिरांना माणूस तयार मिळाला होता. थोरल्या जावेच्या भावानं नुकतंच लायसन काढलं होतं आणि तो आमच्याच ओसरीवर बसून त्या लायसनकडे बघत असायचा. दीर म्हणाले, "ही सोयगावची खेप कर. मग किल्ली मेव्हण्याकडं."

ह्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला. जमीन गेलेली. नवऱ्याला ड्रायव्हरकीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. किल्ली गेली की तो स्वतःच्या घरच्या गाडीवर हमाल झाला असता, आणि मी थोरल्या जावेच्या भावाला भाकरी बांधून देत बसले असते. मिठाच्या पोत्याला कितीही आपटलं तरी मीठ काही बोलत नाही, माझ्या नवऱ्याचं तसंच होतं.

मीच सासूला म्हणाले, "मला पाठवा बरोबर. पितात का ते बघते. प्यायले तर मी स्वतः सांगीन."

सासूनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार झालेली सून तिला पहिल्यांदाच मिळाली होती. तिला ते आवडलं असावं. "जाऊ द्या हिला," ती म्हणाली.

सकाळी निघालो. मी मध्ये, नवरा उजवीकडे, क्लीनर डावीकडे. सिल्लोडला चहाला थांबलो तेव्हा क्लीनरनं विचारलं, "भाभी, जासूस बनके आए क्या तुम?"

"व्हय."

"फिर चाय तुमारे तरफ से. जासूस लोगां को पगार रैता."

"पगार नाय. जेवण हाय."

"हमारे जैसाच है फिर," तो म्हणाला आणि नवऱ्याकडं बघून हसला. नवरा हसला नाही.

चहा पिऊन झाल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "तोंड उघडा." त्यानं उघडलं. मी वास घेतला. कांद्याचा होता. सकाळी मीच भाकरीबरोबर दिला होता.

सरळ रस्त्यावर मी त्याचे हात बघत बसले. रस्ता सरळ, पण त्याचे हात सरळ नव्हते. स्टिअरिंग त्यानं सारखं डावीकडे दाबून धरलं होतं, जसं भरलेली घागर कमरेला अडकवून बाई एका अंगानं झुकून चालते तसं. जरा ढिलं सोडलं की गाडी रस्त्याच्या मधल्या अंगाला सरकायची. मला गाडीतलं कळत नव्हतं ही गोष्ट खरी. पण माणूस पिऊन झुकतो तेव्हा तो कधी इकडं तर कधी तिकडं झुकतो. रोज ठरवून एकाच अंगाला झुकणारा दारुडा मी तरी बघितला नव्हता, आणि आमच्या वस्तीत दारुडे कमी नव्हते.

मग अजिंठा गाव मागं पडलं आणि घाट लागला. सरळ रस्त्यावर ओढ हातात मावत होती. उतारावर सगळं ओझं पुढच्या चाकांवर आलं, ब्रेकची भर पडली, आणि ओढ हातात मावेना. वळणावर एसटी आली.

आम्ही दोघांनी मिळून ओढलं. एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी जागेवर उभी केली. त्याच्या डावीकडे दरीचा कठडा होता, त्याला जायला जागाच नव्हती. आमची ताडपत्रीची दोरी एसटीच्या पत्र्यावरून खरडत गेली. खिडकीत बसलेल्या एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला, तेवढं मला दिसलं. एसटी मागं पडली आणि माझ्या हातातला जोर संपला. नवऱ्याचाही संपला असणार. ट्रक थेट उजवीकडे गेला, पुढचं चाक कठड्याच्या दगडांवर चढलं आणि टायर फुटला. एवढा मोठा आवाज मी पोलीस ॲक्शनच्या वेळीही ऐकला नव्हता, आणि तेव्हा आमच्या गावावरून विमान गेलं होतं.

गाडी थांबली. कठड्याचे काही दगड खाली गेले. त्यांचा आवाज बराच वेळ येत होता. तेलाचे काही डबे फुटले होते. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, नवऱ्याच्या ओठातून रक्त येत होतं. क्लीनर खिडकीतून पूर्ण आत आला होता आणि माझ्या पायाशी बसला होता.

एसटीतले लोक उतरले. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "बाई चालवीत होती काय रे?"

"दोघं मिळून चालवीत होते," दुसरा म्हणाला. "मी बघितलं ना."

एसटीचा ड्रायव्हर आला. तो घाबरलेला होता, त्यामुळे आवाज मोठा होता. "दारू पिऊन घाटात येता व्हय? पन्नास माणसं हाईत माझ्या गाडीत."

नवरा खाली मान घालून उभा. सवयच होती त्याला.

"वास घ्या त्यांचा," मी म्हणाले.

"काय?"

"तोंडाचा वास घ्या. मग बोला."

त्या माणसानं खरंच पुढं होऊन वास घेतला. सगळे बघत होते. "कांदा हाय," तो म्हणाला. जरा निराशच झाला. मग फुटलेल्या टायरकडं वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे असलं चाक लावून घाटात आलात? त्यापेक्षा प्यायला पाहिजे होती."

एसटीतल्या गड्यांनी हात लावला. गाडी मागं घेतली, जॅक लावला, फुटलेलं चाक काढलं. पोटाखालची साखळी सोडून स्टेपनी काढली आणि उजवीकडे बसवली. मानाच्या चाकाला मागं मिठाच्या पोत्यांवर झोपवलं. एसटी वर गेली, आम्ही खाली निघालो.

नवऱ्यानं पूर्वीसारखंच स्टिअरिंग डावीकडे दाबून धरलं. गाडी डावीकडे जायला लागली. तो दचकला, हात सरळ केले. गाडी सरळ झाली. खाली फर्दापूर ओलांडून सोयगावचा सपाट रस्ता लागला तेव्हा मी म्हणाले, "हात सोडा."

"येडी झालीस काय?"

"रस्ता रिकामा हाय. सोडा."

त्यानं हात सोडले, मांडीवर ठेवले. ट्रक सरळ चालला. बाजूची कापसाची शेतं, बाभळी, मैलाचा दगड, सगळं गेलं, ट्रक आपला सरळ. नवरा आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होता.

क्लीनर म्हणाला, "वो टायरवाला बोल्या था. जोडी एक रखो बोलके."

"मग तू का नाय बोललास?" मी विचारलं.

"मै बोलता तो मेरेकू भी पेट के नीचे टांग देते, भाभी."

घरी परत आलो तेव्हा अंगणात सगळे जमले. जावेचा भाऊ आंघोळ करून, केसाला तेल लावून किल्लीची वाट बघत होता. फुटलेलं चाक खाली उतरवलं. सासूनं त्याच्याकडे बघून डोळ्याला पदर लावला. माझ्या कपाळाकडे तिचं लक्ष नंतर गेलं.

"प्यायला होता का?" दिरांनी हवेतच विचारलं. माझ्याशी ते समोरासमोर बोलत नसत.

"नव्हते," मी सासूला सांगितलं. "गाडीला ओढ होती. चाक बदललं, ओढ गेली."

आता मी पुढचं सांगणार होते. जाड टायर, झिजलेला टायर, तुटलेली जोडी, सगळं. तेवढ्यात थोरले दीर त्या फाटलेल्या चाकाजवळ बसले, त्याच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सगळं ह्यानं आपल्या अंगावर घेतलं. मानाचं चाक होतं म्हणून वाचली ही माणसं."

ज्यानं आम्हाला कठड्यावर नेलं त्यालाच वाचवल्याचा मान. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं होतं.

"मग?" सासू दिरांना म्हणाली. "ज्याच्यासाठी चाकानं जीव दिला, त्याच्याकडनं किल्ली काढून घेतो व्हय तू? कुठं फेडशील हे?"

चाकाची बाजू दिरांनीच घेतली होती, आता ती सोडता येईना. त्यांनी चाकाकडं बघितलं, मेव्हण्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "मी कुठं घेतो म्हणलं?"

मी तोंड मिटलं. गाडीला तिची जोडी मिळाली होती आणि नवऱ्याकडे किल्ली राहिली होती. खरं कारण सांगून मला आणखी काय मिळणार होतं? मिस्त्रीला मात्र जाऊन सांगितलं, कारण तोच एक विचारत होता. जावेचा भाऊ पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या गाडीवर लागला. नवऱ्यानं आमची गाडी ती भंगारात जाईपर्यंत चालवली. पिणं त्यानं सोडलं नाही.

घाटात त्या दिवशी केबिनमध्ये आम्ही तिघं होतो, आणि तिघंही जगलो. एसटीतले सगळे जगले. क्लीनर पुढं म्हातारपणी गेला, नवरा त्याच्या मागोमाग, घरात, खाटेवर. मी अजून आहे.